ड्रायव्हरमधली मेमरी: कुठे मागायची, कोणाच्या नावावर ठेवायची, कधी सोडायची

साधा प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत करायला विसरला, तरी तो बंद झाला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या मागचं सगळं आवरून घेते. ड्रायव्हरच्या मागचं आवरायला कोणी येत नाही. तो कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आतच राहतो, त्यामुळे त्याने घेऊन हरवलेली प्रत्येक बाइट मशीन रीबूट होईपर्यंत गेली म्हणून समजा. शिवाय कर्नलची मेमरी डिस्कवर स्वॅप होत नाही, म्हणजे वाया जाते ती खरीखुरी रॅम. आणि चुकीच्या पत्त्यावर एकदा लिहिलं गेलं, तर अख्खं मशीन आडवं होऊ शकतं.

नव्याने ड्रायव्हर लिहिणारा सहसा विचारतो, "कोणतं फंक्शन वापरू?" त्याचं उत्तर तासाभरात मिळतं. पुढे कित्येक वर्षं पिडतो तो प्रश्न वेगळाच: ही मेमरी या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे, आणि तिला शेवटचा हात कोण लावणार? लेख लिनक्स कर्नल धरून लिहिला आहे, पण फिरून फिरून मी याच प्रश्नाकडे येणार आहे.

फंक्शनांची आणि फ्लॅगांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. मूळ नावात अंडरस्कोर असेल तिथे तो ठेवला आहे. सी भाषा येते आणि एखादं कर्नल मॉड्यूल तुम्ही बांधून पाहिलं आहे, एवढं गृहीत धरतो.

पायरी १: आधी कागदावर यादी

उदाहरणाला एक कार्ड घेऊ. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं, बाहेरचा सिग्नल मोजून आकडे डीएमएने (सीपीयूला मध्ये न घेता) थेट रॅममध्ये टाकणारं, आणि एक बफर भरला की इंटरप्ट, म्हणजे सीपीयूला हाक, देणारं. युझर प्रोग्रॅम कॅरेक्टर डिव्हाइस उघडून ते आकडे वाचतो.

या ड्रायव्हरला पाच ठिकाणी मेमरी लागते. एक, डिव्हाइसचं मुख्य स्ट्रक्चर: लॉक, रजिस्टरचे पत्ते, मोजण्या वगैरे, काहीशे बाइट. दोन, डिस्क्रिप्टर रिंग, म्हणजे कोणता बफर कुठे आहे हे सांगणाऱ्या नोंदींची गोल रांग: प्रत्येकी १६ बाइटचे २५६ डिस्क्रिप्टर, म्हणजे बरोबर ४०९६ बाइट. कार्ड आणि सीपीयू दोघंही ती सतत वाचतात-लिहितात. तीन, प्रत्यक्ष आकड्यांचे २५६ बफर, प्रत्येकी २०४८ बाइट, मिळून ५१२ केबी. चार, फाइल उघडणाऱ्या प्रत्येकासाठी एक छोटं स्ट्रक्चर. पाच, युझर आयओसीटीएलमधून (डिव्हाइसला खास आज्ञा देण्याचा कॉल) पाठवतो तो कॅलिब्रेशनचा तक्ता, ज्याची लांबी युझर ठरवतो.

प्रत्येकीसमोर चार रकाने भरा: किती, कुठून मागणार, कोण हात लावणार, कधी संपणार. चौथ्या रकान्यापाशी पेन अडखळलं तर थांबा. बग बहुतेक तिथेच सापडणार आहे, आणि कागदावर तो फुकटात सापडतोय.

पायरी २: इथे झोपता येतं का?

कर्नलकडे मेमरी मागितली आणि ती लगेच हाताशी नसली, तर कर्नलला जुनी पानं मोकळी करावी लागतात, काही डिस्कवर लिहावी लागतात. तेवढा वेळ मागणाऱ्याला झोपवलं जातं. प्रोब (कार्ड सापडल्यावर कर्नल बोलावतो ते फंक्शन), ओपन, आयओसीटीएल, वर्कक्यू (मागाहून करायच्या कामांची रांग), थ्रेडेड इंटरप्ट हँडलर या ठिकाणी झोपणं चालतं. तिथे मागणीसोबत द्यायचा फ्लॅग जीएफपी_कर्नल. साध्या इंटरप्ट हँडलरमध्ये, सॉफ्टआयआरक्यूमध्ये (इंटरप्टपाठोपाठ उरकायच्या कामात), टायमरच्या कॉलबॅकमध्ये किंवा स्पिनलॉक (न झोपता वाट बघायला लावणारा लॉक) हातात असताना झोपायची सोय नाही; तिथे जीएफपी_ॲटॉमिक.

यातून एक वाईट सवय लागते. "ॲटॉमिक सगळीकडे चालतं, मग तेच वापरू." चालतं खरं, पण ॲटॉमिक मागणी थांबू शकत नाही म्हणून तिला राखीव साठ्यात हात घालायची मुभा असते. तो साठा ज्यांना दुसरा मार्गच नाही त्यांच्यासाठी आहे, उदाहरणार्थ आलेलं पॅकेट उतरवून घेणारा नेटवर्क ड्रायव्हर. प्रोबमध्ये निवांत बसलेल्या कोडने तिथे हात घातला, की त्याची स्वतःची मागणीही जास्त वेळा फेल होते आणि इतरांचीही. राखीवाला हात न लावता फक्त "असेल तर दे, नाहीतर राहू दे" म्हणायचं असेल तर जीएफपी_नोवेट आहे.

दुसरी सवय म्हणजे इन_ॲटॉमिक हे मॅक्रो विचारून फ्लॅग ठरवणं. कर्नल प्रीएम्प्टिबल (आपलं चालू काम मधेच थांबवू देणारा) नसेल तर स्पिनलॉक धरलेला असूनही ते "नाही" म्हणू शकतं. मदतनीस फंक्शनला फ्लॅग बाहेरून द्या. बोलावणाऱ्याला आपण कुठे आहोत हे माहीत असतं, बोलावलेल्याला नसतं.

माझं स्पष्ट मत: इंटरप्ट हँडलरमध्ये मेमरी मागावी लागणं हे बहुतेक वेळा आराखडा चुकल्याचं लक्षण आहे. आपल्या कार्डाचे सगळे बफर प्रोबमध्येच घेतले आणि फिरवून वापरले, तर हँडलरला फक्त रिंगमधला आकडा पुढे सरकवायचा उरतो. स्पिनलॉकच्या आत नवी नोंद घालायची असेल तर मेमरी लॉकच्या आधी घ्या, मग लॉक घ्या, जोडा, सोडा. दरम्यान तीच नोंद दुसऱ्याने घातली असेल तर आपली केफ्री करा, म्हणजे सोडून द्या. दोन ओळी वाढतात, पण ॲटॉमिकची गरज उरत नाही.

स्टोरेज ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. मेमरी मोकळी करण्यासाठी कर्नल घाण झालेली पानं डिस्कवर लिहायला पाठवतो, आणि ती डिस्क तुमच्याच ड्रायव्हरची असते, जो मेमरीची वाट पाहत झोपला आहे. दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात. अशा मार्गावर मेमअलॉक_नोआयओ_सेव्ह आणि त्याची रिस्टोअर जोडी वापरून तो पूर्ण टापूच नोआयओ (मेमरीसाठी डिस्कला हात न लावणारा) ठरवा. प्रत्येक ओळीवर फ्लॅग चिकटवत बसण्यापेक्षा हे बरं, कारण आत कोण काय मागतं ते तुमच्या हातात नसतं.

जीएफपी_कर्नलने मागितलेली छोटी मेमरी, म्हणजे साधारण ३२ केबीपर्यंतची, प्रत्यक्षात क्वचितच नाकारली जाते. कर्नल हट्टाने प्रयत्न करत राहतो, वेळ आली तर ओओएम किलर (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा) सोडतो. म्हणून काहीजण नल तपासणं सोडून देतात. असं करू नका. ओओएम किलरने निवडलेल्या प्रोसेसच्या नावाने चाललेली मागणी फेल होऊ शकते, आणि तो दिवस तसाही वाईटच असतो.

विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये प्रश्न हाच, शब्द वेगळे. तिथे आयआरक्यूएल (इंटरप्टची पातळी) डिस्पॅच लेव्हलला पोचलं की पेज्ड पूलला (डिस्कवर जाऊ शकणाऱ्या मेमरीला) हात लावायचा नाही, नॉनपेज्ड पूल वापरायचा. नव्या कोडसाठी एक्सॲलोकेटपूल२ आहे. ते मेमरी आपोआप शून्य करून देतं, आणि चार अक्षरांच्या टॅगमुळे कोणी किती घेतली ते नंतर मोजता येतं. तो टॅग लिनक्समध्येही असता तर बरं झालं असतं असं मला कैकदा वाटलं आहे.

पायरी ३: आकार बघून दुकान निवडा

सगळ्यात आधी, स्टॅकवर काय ठेवू नये. ६४ बिट एक्स८६ वर कर्नलचा स्टॅक १६ केबी असतो, तोही आख्ख्या कॉलसाखळीला मिळून. ६४ बिट बिल्डमध्ये एकाच फंक्शनने २०४८ बाइटच्या वर फ्रेम नेली तर कंपायलर सहसा बजावतो. ती वॉर्निंग दाबू नका, ॲरे उचलून बाहेर घ्या. लांबी रनटाइमला ठरणारे ॲरे तर २०१८ पासून, म्हणजे आवृत्ती ४.२० पासून, कर्नलमधून हद्दपारच आहेत.

छोट्या मेमरीसाठी केमॅलॉक, आणि बहुतेक वेळा त्याचं शून्य करून देणारं भावंड केझॅलॉक. मुख्य स्ट्रक्चर आणि ओपनचं स्ट्रक्चर, दोन्ही इथूनच. केमॅलॉक मागाल तेवढीच बाइट मोजून देत नाही; त्याच्याकडे ठरलेले कप्पे असतात: ६४, ९६, १२८, १९२, २५६, ५१२, १०२४ असे. १३० बाइट मागितले की १९२ चा कप्पा मिळतो. इथे काही गंमती होतात. कोणीतरी ४०९६ बाइटच्या बफरच्या डोक्यावर १६ बाइटचं हेडर बसवतं, आकार होतो ४११२, आणि कप्पा लागतो ८१९२ चा. जवळजवळ अर्धी जागा हवेत. हेडर वेगळं ठेवलं तर दोन्ही आपापल्या कप्प्यात नीट बसतात.

एकाच आकाराच्या हजारो वस्तू सतत घ्याव्या-सोडाव्या लागत असतील तरच स्वतःचा स्लॅब कॅश, म्हणजे त्या एकाच आकाराचा साठा, काढा, केमेम_कॅश_क्रिएटने. ही कल्पना जेफ बॉनविक यांनी सोलारिससाठी बांधली आणि १९९४ मध्ये मांडली. लिनक्समध्ये तिची तीन रूपं नांदली, त्यांतलं स्लॉब २०२३ मध्ये आणि मूळ स्लॅब २०२४ मध्ये काढून टाकलं गेलं, आता फक्त स्लब उरलं आहे. एक गोष्ट लक्षात असू द्या: स्लब सारख्या आकाराचे कॅश एकत्र करतं, त्यामुळे स्लॅबइन्फोमध्ये (कॅशची यादी दाखवणाऱ्या फाइलमध्ये) तुमचं नाव दिसलं नाही म्हणून घाबरू नका. डीबग करताना बूट पॅरामीटरमध्ये स्लॅब_नोमर्ज द्या, नाव दिसायला लागेल. आपल्या कार्डाला यातलं काही नको.

आता मोठी मेमरी. पानांचा वाटप करणारा बडी ॲलोकेटर दोनच्या घातात पानं देतो: १, २, ४, ८ अशी, ४ केबीच्या पानांवर सर्वसाधारणपणे ४ एमबीपर्यंत. जितका मोठा सलग तुकडा, तितका तो मिळणं अवघड. माझ्या एका जुन्या ड्रायव्हरला ओपनच्या वेळी २ एमबीचा सलग तुकडा मागायची खोड होती. मशीन नुकतंच चालू झालेलं असताना तो हमखास मिळायचा, आणि मी चाचणी तेव्हाच करायचो. काही आठवडे चाललेल्या मशीनवर ओपन फेल व्हायला लागलं. मोकळी मेमरी भरपूर होती, पण तिचे तुकडे तुकडे झालेले होते. प्रॉकमधल्या बडीइन्फोच्या शेवटच्या दोन रकान्यांत शून्यं बघितली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

त्यावर उपाय गरजेप्रमाणे बदलतो. मेमरी फक्त सीपीयू वापरणार असेल तर केव्हीमॅलॉक घ्या. तो आधी सलग मिळते का पाहतो, नाही तर व्हीमॅलॉककडे वळतो, जो विखुरलेली पानं आभासी पत्त्यांत शेजारी मांडून देतो. पेज टेबल आणि टीएलबीचा (पत्ते बदलून देणाऱ्या यंत्रणेचा) थोडा भुर्दंड पडतो, पण आपल्या कॅलिब्रेशन तक्त्याला तो कळणारही नाही. कार्डालाच सलग मोठा पट्टा हवा असेल तर मागणी प्रोबमध्ये, शक्य तितकी लवकर करा, किंवा सीएमए (बूटच्या वेळीच बाजूला काढलेला सलग मेमरीचा पट्टा) राखून ठेवा. सगळ्यात उत्तम म्हणजे कार्ड स्कॅटर-गॅदर (विखुरलेले तुकडे एकत्र हाताळणं) जाणत असेल तर छोट्या बफरांनी काम भागवा. आपण २०४८ बाइटचे २५६ तुकडे केले ते याचसाठी.

पायरी ४: कार्डही हात लावणार असेल तर

इथे वेळ द्या. ड्रायव्हरमधले सगळ्यात विचित्र बग मी इथेच पाहिले आहेत.

पहिली गोष्ट, कार्ड किती बिटांचे पत्ते समजतं ते कर्नलला सांगा: प्रोबच्या सुरुवातीला डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट. न सांगितल्यास ३२ बिट धरले जातात. मग ४ जीबीच्या वरच्या बफरसाठी, आयओएमएमयू (कार्डाचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) नसेल तर, कर्नल खाली एक मधला बफर घेऊन आकडे इकडून तिकडे कॉपी करतो. हा एसडब्ल्यूआयओटीएलबी. त्याचा साठा मुळात ६४ एमबीचा असतो आणि एका वेळी फार तर २५६ केबी मिळतात. ड्रायव्हर चालतो, फक्त मंद. आणि जोर वाढला की मॅपिंग फेल होऊ लागतं. एक ओळ विसरल्याची ही किंमत.

डिस्क्रिप्टर रिंगसाठी डीएमए_अलॉक_कोहेरंट, म्हणजे सीपीयू आणि कार्ड दोघांना कायम एकच चित्र दिसेल अशी मेमरी. ते दोन पत्ते देतं, एक सीपीयूसाठी, एक कार्डासाठी. कार्डाच्या रजिस्टरमध्ये दुसरा लिहायचा. पहिला लिहिणारे महाभाग असतात, आणि आयओएमएमयू नसलेल्या मशीनवर ते कार्ड भलत्याच ठिकाणी लिहीत सुटतं. २०१९ च्या ५.० पासून ही मेमरी नेहमी शून्य करून मिळते. पण ती पानांच्या हिशोबात मिळते, म्हणून ३२ बाइटच्या वस्तू हव्या असतील तर डीएमए पूल वापरा. आणि मोकळी करताना इंटरप्ट बंद असता कामा नयेत.

मग ५१२ केबीचे बफरही असेच का घेऊ नयेत? कारण ज्या प्रोसेसरवर हार्डवेअर स्वतःहून कॅशचा मेळ राखत नाही, तिथे कोहेरंट मेमरी सहसा कॅशशिवाय मॅप होते. रिंगमधली दोन-चार फील्ड वाचायला ते चालतं. हजारो आकडे त्यातून वाचायला लागलात की गोगलगाय होते. म्हणून बफर केमॅलॉकने घ्या आणि डीएमए_मॅप_सिंगलने कार्डाच्या हवाली करा, दिशा डीएमए_फ्रॉम_डिव्हाइस.

हवाली करणं हा शब्द शब्दशः घ्या. मॅप केल्यापासून तो बफर कार्डाचा. सीपीयूने त्याकडे बघायचंसुद्धा नाही. कार्डाने भरल्यावर डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू म्हटलं की तो तुमचा. आकडे वाचून झाले की डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_डिव्हाइस म्हणून परत कार्डाचा. एक्स८६ वर हार्डवेअर हा मेळ स्वतः राखतं, त्यामुळे सिंक विसरलात तरी सहसा काही बिघडत नाही. तोच ड्रायव्हर एखाद्या एआरएम बोर्डवर नेला की दर काही हजार वाचनांमागे एक शिळा आकडा येतो. आणि शिव्या बोर्डाला बसतात.

यातूनच पुढचा नियम निघतो: डीएमएचा बफर मुख्य स्ट्रक्चरच्या पोटात ठेवू नका. कॅशची एक ओळ सहसा ६४ बाइटची असते. त्याच ओळीत अर्धा बफर आणि अर्धा स्पिनलॉक असेल, तर बफरसाठी ओळ रद्द करताना लॉकमध्ये नुकतंच लिहिलेलं पुसलं जाऊ शकतं. केमॅलॉकने वेगळा घेतलेला बफर या शेजारधर्मापासून सुरक्षित असतो. स्टॅकवरचा बफर तर नकोच. ४.९ पासून, म्हणजे २०१६ पासून, ६४ बिट एक्स८६ वर कर्नल स्टॅक आभासी पत्त्यांत मॅप करता येतो, आणि स्टॅकवरून डीएमए करणारे कित्येक जुने यूएसबी ड्रायव्हर त्या वेळी उघडे पडले. व्हीमॅलॉकची मेमरीही डीएमए_मॅप_सिंगलला देऊ नये, कारण ती भौतिक पत्त्यांत सलग नसते.

मॅपिंग जमलं की नाही हे डीएमए_मॅपिंग_एररनेच तपासा. पत्ता शून्य आहे का बघून चालत नाही. काही ठिकाणी शून्य हा वैध डीएमए पत्ता असतो.

पायरी ५: युझरने सांगितलेल्या आकारावर विश्वास ठेवू नका

कॅलिब्रेशनच्या तक्त्यात प्रत्येक नोंद १६ बाइटची, आणि नोंदी किती ते युझर सांगतो. समजा त्याने २६,८४,३५,४५७ सांगितल्या आणि तुम्ही ३२ बिटच्या दोन संख्या गुणल्या. गुणाकार ४,२९,४९,६७,३१२ यायला हवा, पण ३२ बिटांत उरतात फक्त १६. मेमरी १६ बाइटची मिळते, लूप मात्र सव्वीस कोटी नोंदी लिहायला निघतं. ६४ बिट मशीनवरही हे होतं, कारण दोन्ही संख्या ३२ बिटच्या असतील तर गुणाकारही ३२ बिटांतच होतो.

स्वतः गुणू नका. केमॅलॉक_ॲरे किंवा केकॅलॉक वापरा, त्यांची केव्हीवाली भावंडंही आहेत; गुणाकार उतू गेला तर ती नल देतात. शेवटी लवचीक ॲरे असलेल्या स्ट्रक्चरसाठी स्ट्रक्ट_साइझ मॅक्रो आहे. याशिवाय स्वतःची कमाल मर्यादा ठरवा. आपल्या कार्डाला ४०९६ नोंदींच्या वर अर्थच नसेल तर त्यापुढे थेट एरर. आणि युझरकडे परत कॉपी होणारं काहीही केझॅलॉकनेच घ्या. स्ट्रक्चरमधल्या फील्डांच्या मधल्या रिकाम्या बाइटांत आधीच्या मालकाचा कचरा असतो, आणि तो युझरपर्यंत पोचणं हा सरळ सुरक्षेचा बग आहे.

पायरी ६: सोडणं

जिथून घेतली तिथेच परत: केमॅलॉक तर केफ्री, व्हीमॅलॉक तर व्हीफ्री, केव्हीमॅलॉक तर केव्हीफ्री. केफ्रीला नल दिलं तरी चालतं, त्यामुळे त्याआधी इफ लावायची गरज नाही. सोडल्यावर पॉइंटर नल करावा असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. दोनदा सोडण्याचा बग त्याने मिटत नाही, गप्प बसतो.

प्रोबमध्ये मधेच काही फसलं तर तिथपर्यंत घेतलेलं सगळं उलट्या क्रमाने सोडायचं. शेवटी एकाखाली एक लेबलं आणि गोटू, ही कर्नलची जुनी आणि अजूनही चांगली पद्धत. लेबलाला "एरर३" असं नाव देऊ नका, ते काय सोडतं त्याचं नाव द्या. मधे एखादी पायरी घातली की आकडे सरकतात आणि कोणीतरी चुकीच्या लेबलावर उडी मारतं. २०२३ च्या ६.५ पासून व्हेरिएबल स्कोपबाहेर गेलं की आपोआप सोडायचीही सोय आहे. त्यात मालकी पुढे द्यायची तर नो_फ्री_पीटीआर लिहावं लागतं, म्हणजे हस्तांतर कोडमध्ये डोळ्यांना दिसतं. मला ती पद्धत त्याचसाठी आवडते.

याहून सोपी वाटणारी सोय म्हणजे डेव्हएम_केझॅलॉक. मेमरी डिव्हाइसच्या नावावर लागते. प्रोब फसला किंवा ड्रायव्हर सुटला की कर्नल ती स्वतः, उलट्या क्रमाने सोडतो. निम्मी गोटू गायब होतात. पण दोन सापळे आहेत.

पहिला: इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि बफर हाताने. रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना बोलावलं जाणारं फंक्शन) तुम्ही बफर केफ्री केले आणि परतलात. डेव्हएमचा हिशोब रिमूव्ह संपल्यावर सुरू होतो, म्हणजे तेवढा वेळ इंटरप्ट हँडलर जिवंत आणि बफर मेलेले. त्या खिडकीत एक इंटरप्ट आला की संपलं. एक तर सगळं डेव्हएमने घ्या, नाहीतर इंटरप्टही हाताने.

दुसरा सापळा यादीतल्या चौथ्या रकान्याचा. डेव्हएमची मेमरी ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटताच जाते, पण युझरने फाइल उघडी ठेवलेली असू शकते. मॉड्यूल काढण्यापासून उघडी फाइल अडवते; सिसएफएसमधून (कर्नल आपली डिव्हाइसं फाइलींसारखी दाखवतो तिथून) अनबाइंड करणं, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवणं, किंवा कार्ड चालू मशीनमधून उपटणं ती अडवत नाही. मग युझर रीड म्हणतो आणि ड्रायव्हर मेलेल्या स्ट्रक्चरमधला लॉक घ्यायला जातो. म्हणून ज्या ड्रायव्हरला युझर फाइल म्हणून उघडतो, त्याचं मुख्य स्ट्रक्चर मी डेव्हएमने घेत नाही. साधं केझॅलॉक आणि आत एक केरेफ, म्हणजे वापरणाऱ्यांची मोजणी. प्रोबकडे एक हिस्सा, प्रत्येक ओपनकडे एक. शेवटचा हिस्सा सोडणारा स्ट्रक्चर मोकळं करतो, मग तो रिमूव्ह असो की शेवटच्या फाइलचं रिलीज. रिमूव्हने "कार्ड गेलं" अशी खूण लॉकखाली करायची, रीडमध्ये झोपलेल्यांना उठवायचं, आणि रीडने दर वेळी ती खूण बघायची.

रिमूव्हचा क्रम आपल्या कार्डासाठी असा. नवे ओपन बंद करा आणि वरची खूण लावून झोपलेल्यांना उठवा. मग कार्डाचा डीएमए आणि इंटरप्ट कार्डाच्याच रजिस्टरमधून थांबवा, आणि ते खरंच थांबलं याची वाट बघा. मग फ्री_आयआरक्यू, जे चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतं. मग वर्कक्यू आणि टायमर, त्यांच्या सिंकवाल्या फंक्शनांनी. हे सगळं झाल्यावरच अनमॅप, बफर, रिंग, आणि शेवटी स्ट्रक्चरमधला आपला हिस्सा.

कार्ड आधी थांबवण्यावर एवढा भर का? बफर सोडला आणि कार्ड लिहीतच राहिलं, तर ते पान तोवर दुसऱ्या कोणाला मिळालेलं असतं. एखादा फाइलचा कॅश, एखाद्या प्रोसेसचा स्टॅक. मशीन पडतं ते तुमच्या ड्रायव्हरपासून लांब कुठेतरी, आणि क्रॅशच्या नोंदीत तुमचं नावही नसतं.

पायरी ७: मुद्दाम बिघडवून बघा

चाचणीसाठी वेगळा कर्नल बांधा. त्यात केसॅन चालू करा. दर ८ बाइटमागे १ बाइट सावली ठेवून ते सोडलेल्या किंवा हद्दीबाहेरच्या मेमरीला लागलेला हात जागच्या जागी पकडतं. कोणी घेतली, कोणी सोडली, कोण शिवलं, तिन्ही स्टॅक छापून देतं. मशीन मंदावतं, पण चाचणीत चालतं. डीबग_ॲटॉमिक_स्लीप चालू असेल तर दुसऱ्या पायरीतल्या चुका स्वतःहून ओरडतात. डीएमए_एपीआय_डीबग मॅप न सोडणं, दिशा चुकणं, एरर न तपासणं हे सांगतं. प्रत्यक्ष वापरातल्या मशीनसाठी केफेन्स: सॅम्पलिंग करत असल्याने ते स्वस्त आहे, २०२१ च्या ५.१२ पासून उपलब्ध.

क्रॅशमध्ये एखाद्या रजिस्टरात ६बी६बी६बी६बी अशी हेक्स माळ दिसली तर अंदाज लावत बसू नका. स्लबचं पॉइझनिंग चालू असताना सोडलेली मेमरी याच बाइटने भरली जाते. ५ए५ए५ए५ए दिसलं तर घेतलेली पण न भरलेली.

लीकसाठी केमेमलीक. डीबगएफएसमधल्या त्याच्या फाइलमध्ये "स्कॅन" लिहा, मग तीच फाइल वाचा. ज्या तुकड्याकडे कोणताच पॉइंटर उरलेला नाही तो दाखवला जातो. पत्ता फक्त कार्डाच्या रजिस्टरात ठेवला असेल तर खोटा आरोपही येऊ शकतो, म्हणून दोनदा स्कॅन करून बघा.

आणि एरर मार्ग. ते कधी चालतच नाहीत, म्हणून तिथेच सगळं कुजतं. फेलस्लॅब वापरून मागण्या मुद्दाम फेल करा. त्यात इग्नोर-जीएफपी-वेट ही सेटिंग मुळात चालू असते, आणि ती असेपर्यंत झोपू शकणाऱ्या, म्हणजे तुमच्या जवळपास सगळ्या जीएफपी_कर्नल मागण्या तो सोडूनच देतो. मी एक पूर्ण दुपार "वा, काहीच फुटत नाही" म्हणत घालवली होती. ती बंद करा, मग प्रॉकमधल्या फेल-एन्थमध्ये १ लिहून ओपन आणि आयओसीटीएल चालवा, मग २, मग ३, मागणीच फेल होणं थांबेपर्यंत. प्रोबसाठी मी सरळ गावठी मार्ग धरतो: एका मॉड्यूल पॅरामीटरमध्ये आकडा द्यायचा आणि तितक्या क्रमांकाच्या पायरीनंतर खोटी एरर परत करायची.

शेवटी कार्ड आकडे ओतत असताना, एका प्रोग्रॅमने फाइल उघडी धरलेली असताना, स्क्रिप्टने हजार वेळा अनबाइंड आणि बाइंड करा. शेजारच्या खिडकीत स्लॅबटॉप (कोणत्या कप्प्यात किती वस्तू आहेत ते दाखवणारं साधन) उघडा ठेवा. केमॅलॉक-२ के या ओळीचा आकडा प्रत्येक फेरीला २५६ ने वाढत असेल तर बफर सुटत नाहीत. केमॅलॉक-१ के या ओळीचा (मुख्य स्ट्रक्चर त्या कप्प्यात बसत असेल तर) आकडा एक-एक करत वाढत असेल तर कुठेतरी केरेफचा एक हिस्सा परत यायचा राहिला आहे, आणि तो बहुधा ओपनच्या एरर मार्गात सापडेल.